तक्त्यातले चार रकाने आणि लॅटेक्सचा कण



आज आम्ही एका तक्त्यावर टीका करणार आहोत. पॉलिमरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, हा तक्ता या ना त्या रूपात सापडतोच. वर चार रकाने: बल्क, सोल्यूशन, सस्पेन्शन, इमल्शन. खाली दोन आडव्या ओळी: फायदे आणि तोटे. बल्कमध्ये माल शुद्ध मिळतो, पण उष्णता बाहेर काढणे अवघड. सोल्यूशनमध्ये उष्णता निघते, पण द्रावक मागे उरतो. सस्पेन्शनमध्ये मणी मिळतात, ते धुऊन वाळवता येतात. इमल्शनमध्ये क्रिया झपाट्याने होते, साखळ्या लांब होतात, पण साबण मालात राहतो. विद्यार्थी हे पाठ करतात, लिहितात आणि गुण मिळवतात. तक्त्यातले एकेक विधान सुटे घेतले तर त्यात खोटे काही नाही. तरीसुद्धा तुलना म्हणून हा तक्ता वाईट आहे, असे आमचे म्हणणे आहे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने रसायनाच्या भट्टीत नाक का खुपसावे, असे कुणाच्या मनात आले असेल. येऊ द्या. पदार्थ बनवणे हे रसायनशास्त्राचे काम, पण बनवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करणे हे तर्काचेही काम आहे. तुलना करण्याआधी या दोन पद्धती कशाच्या आधारावर दोन ठरल्या हे सांगावे लागते. तो आधार तक्त्यात कुठेच लिहिलेला नसतो. आमची हरकत तिथून सुरू होते.

आधी वस्तू काय आहे ते बघू. लॅटेक्स म्हणजे मुळात चीक. वडाचा असतो, रुईचा असतो, तसा रबराच्या झाडाचा. आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूला रबराचे मळे आहेत, तिथे झाडाला तिरकी चीर देऊन खाली वाटी बांधलेली दिसते. वाटीत जो पांढरा द्रव जमतो तो म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म कण. पांढरेपणा रबराचा नव्हे, कणांनी विखुरलेल्या प्रकाशाचा. दुधाचेही तसेच. कृत्रिम लॅटेक्समध्ये हेच कण आपण एकवारिकापासून, म्हणजे स्टायरीन, ब्युटाडाईन, व्हिनाइल ॲसिटेट अशा छोट्या रेणूंपासून, पाण्यात घडवतो. कणाचा व्यास साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर. २०० नॅनोमीटरचे कण एका ओळीत लावले तर एका मिलिमीटरमध्ये पाच हजार मावतील. इतके बारीक असल्यामुळेच ते तळाशी बसत नाहीत.

आता नावांकडे या, कारण घोटाळा तिथे आहे.

भिंतीला लावायच्या रंगाच्या डब्यावर ‘इमल्शन’ लिहिलेले असते. इमल्शन म्हणजे पायस, एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे थेंब. डब्यात मात्र पॉलिमरचे कण असतात, द्रवाचे थेंब नसतात. रंगवाल्याचे त्यात काही बिघडत नाही, भिंत रंगते. पण तेच नाव जेव्हा पद्धतीचे नाव होते, तेव्हा ते विद्यार्थ्याला चुकीचे चित्र देते. ‘इमल्शन पॉलिमरायझेशन’ असे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की पाण्यात स्टायरीनचे थेंब केले, साबणाने ते सांभाळले, आणि मग प्रत्येक थेंब जागच्या जागी घट्ट होऊन कण झाला. असे होत नाही. थेंब असतात एक ते दहा मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे, आणि हाती येणारा कण असतो त्याच्या दहाव्या, विसाव्या हिश्श्याचा. थेंबाचाच कण झाला असता तर मापे जुळली असती. शिवाय क्रिया सुरू करणारे पोटॅशियम परसल्फेट विरघळते पाण्यात, थेंबात नाही. थेंब हे केवळ कोठार आहे. त्यातून स्टायरीन विरघळत पाण्यातून दुसरीकडे जाते, तिथे कण वाढतात, आणि कोठार रिकामे होऊन नाहीसे होते.

उलट सस्पेन्शन पद्धतीत आरंभक तेलात विरघळणारा असतो, तो थेंबातच असतो, आणि थेंबाचाच मणी होतो. प्रत्येक थेंब म्हणजे जणू बल्क पद्धतीची एक चिमुकली भट्टी. मण्याचे माप ठरते ढवळण्यावर. हे मणी लॅटेक्स नव्हेत, ढवळणे थांबले की ते खाली बसतात. मग इमल्शन आणि सस्पेन्शन शेजारशेजारच्या रकान्यांत का? तर दोन्हींची सुरुवात दिसायला सारखी आहे, पाण्यात तेल. सुरुवातीच्या दृश्यावरून केलेले हे वर्गीकरण आहे. आणि बल्क व सोल्यूशन हे रकाने? ते द्रावक आहे की नाही यावरून. म्हणजे एकाच तक्त्यात वर्गीकरणाची दोन वेगळी तत्त्वे मिसळली आहेत. माणसांचे पुणेकर, कोकणस्थ, डॉक्टर आणि डावखुरे असे चार वर्ग करावेत, तसा हा प्रकार.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी वाचला त्यांना हे नवे नाही. गाय म्हणजे कपिल रंगाची, असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकच अखंड खूर असलेली, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. ‘थेंबांत होणारे बहुवारिकीकरण म्हणजे इमल्शन पॉलिमरायझेशन’ हे नावावरून सुचणारे लक्षण लावून बघा. कारखान्यात ज्याला इमल्शन पॉलिमरायझेशन म्हणतात त्याला ते लागू पडतच नाही. असंभव. आणि सस्पेन्शनला मात्र ते चोख लागू पडते. नावाने इतका उलटा कारभार करावा हे नवलच.

मग तुलना कशावर करावी? आमच्या मते प्रश्न एकच विचारावा: कण कुठे जन्मतो? थेंबात, साबणाच्या पुंजक्यात, की उघड्या पाण्यात? कणाचे माप, सगळे कण सारखे निघणार की लहानमोठे, साबण किती लागणार, कोणता खुंटा पिळला तर काय बदलणार, हे बरेचसे त्या उत्तरातून निघते. तक्त्यातल्या फायद्या-तोट्यांतून यातले काहीच निघत नाही.

या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर दुसऱ्या महायुद्धातून आले. १९४२ मध्ये आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेला कृत्रिम रबर तातडीने हवे झाले. त्यांनी सर्व कंपन्यांसाठी एकच पाककृती ठरवली: ब्युटाडाईन ७५ भाग, स्टायरीन २५, पाणी १८०, साबण ५, डोडेसिल मर्कॅप्टन अर्धा भाग, पोटॅशियम परसल्फेट ०.३ भाग, आणि तापमान ५० अंश सेल्सियस. पाककृती चालत होती. ती का चालते याचा सिद्धान्त मागाहून आला. आधी हार्किन्सचे चित्र, त्याचा मोठा लेख १९४७ चा, आणि मग १९४८ मध्ये स्मिथ आणि एवर्ट यांचे गणित.

चित्र असे. साबण एका मर्यादेपुढे पाण्यात टाकला की त्याचे रेणू एकत्र येऊन पुंजके करतात, त्यांना मिसेल म्हणतात. मिसेल काही नॅनोमीटरचा, त्याच्या पोटात थोडे स्टायरीन शिरून बसलेले. एका लिटरमध्ये असे मिसेल दहाच्या एकोणिसाव्या ते एकविसाव्या घाताइतके, तर थेंब दहाच्या बाराव्या ते चौदाव्या घाताइतके. पाण्यात तयार झालेला मूलक आसरा शोधत निघाला तर त्याला कोण भेटणार? थेंब आकाराने प्रचंड, पण मिसेलांची संख्या इतकी अफाट की त्यांचे एकूण पृष्ठफळ थेंबांच्या शंभर पटींहून अधिक. मूलक मिसेलात शिरतो, तिथे साखळी वाढते, मिसेलाचा कण होतो. कण वाढला की त्याला अंगावर घ्यायला जास्त साबण लागतो, तो उरलेल्या मिसेलांना मोडून मिळवला जातो. मिसेल संपले की नवे जन्म थांबले. शेवटी कण असतात लिटरमागे दहाच्या सोळाव्या ते अठराव्या घाताइतके. म्हणजे साधारण हजारातल्या एका मिसेलाचे नशीब फळले, बाकीचे त्याच्या अंगरख्याला लागले.

या चित्रातून तक्त्यातला तो ‘फायदा’ समजतो, जो तक्ता नुसता नोंदवून मोकळा होतो. बल्कमध्ये क्रिया वेगाने करायची म्हणून आरंभक वाढवला तर मूलक जास्त, ते एकमेकांना भेटून लवकर मरतात, साखळ्या आखूड होतात. वेग हवा तर लांबी सोडा. इमल्शनमध्ये मूलक वेगवेगळ्या कणांत कोंडलेले असतात, एका कणातला मूलक शेजारच्या कणातल्या मूलकाला भेटू शकत नाही. दुसरा मूलक आत आला की दोघेही संपतात, कण मोकळा राहतो, तिसरा आला की पुन्हा चालू. कणात मूलक निम्मा वेळ एक, निम्मा वेळ शून्य, सरासरी अर्धा. स्टायरीनच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरे ठरते. मग आरंभक तेवढाच ठेवून कणांची संख्या वाढवली तर वेगही वाढतो आणि लांबीही. बाकीच्या पद्धतींत हे दोन्ही एकदम मिळत नाहीत. हे सर्व घडते ते एका कोंडवाड्यामुळे, आणि तक्त्यात त्या कोंडवाड्याचे नावही नाही.

स्मिथ-एवर्टांचे गणित सांगते की कणांची संख्या साबणाच्या ०.६ घाताच्या आणि आरंभकाच्या ०.४ घाताच्या प्रमाणात असते. आकडा रुक्ष वाटेल, पण त्याचा व्यवहारात अर्थ बघा. साबण दुप्पट केला तर कण दीडपटीच्या जरासे वर जातात. स्टायरीन तेवढेच, म्हणून प्रत्येक कणाचे घनफळ घटते, पण व्यास त्याच्या घनमुळाने, म्हणजे जेमतेम १३ टक्क्यांनी. व्यास निम्मा करायचा असेल तर कण आठपट हवेत, आणि त्यासाठी साबण किती? बत्तीस पट! विद्यार्थ्याला आपण ‘साबणाने कणाचे माप ठरवता येते’ एवढेच शिकवले, तर त्याच्या हाती एक अत्यंत बोथट हत्यार देऊन धारदार म्हणून सांगितले, असे होते.

आता आमच्या टीकेचा गाभा. स्टायरीनवर प्रयोग केले, ०.६ च्या जवळपासचा आकडा मिळाला. लोक म्हणाले, सिद्ध झाले, कण मिसेलातच जन्मतो. पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत तेच चित्र छापले गेले. पण १९६८ मध्ये रो या संशोधकाने दाखवले की मिसेलाचा उल्लेखही न करता हेच घातांक काढता येतात. गृहीत एवढेच धरायचे की साबण कणांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांना सांभाळतो, आणि मोकळा साबण पुरेसा कमी झाला की नवे कण होणे थांबते. कण मिसेलात जन्मला की पाण्यात, याच्याशी आकड्याला कर्तव्यच नाही!

न्यायाच्या भाषेत बोलायचे तर हा हेतू सव्यभिचार आहे. जिथे साध्य आहे तिथे तो आहे, आणि जिथे साध्य नाही तिथेही तो आहे. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत जाणता येतो’ असे कोणी म्हणाले तर आपण हसू, कारण जाणता तर तळेही येते. ०.६ वरून मिसेल सिद्ध करणे त्याच जातीचे. फ्रान्सच्या पिएर द्यूएम यांनी भौतिकीच्या सिद्धान्तांबद्दल हे आधीच बजावले होते की निरीक्षण जुळले म्हणून सिद्धान्त एकटा उभा राहत नाही, त्याच निरीक्षणाला जुळणारा दुसरा असू शकतो. आम्हांला मौज वाटते ती ही की द्यूएम आणि अन्नंभट्ट इथे एका पंगतीला बसतात, आणि पाठ्यपुस्तक उपाशी राहते.

मग निर्णय कसा करायचा? अन्वय-व्यतिरेकाने. मिसेल काढून घ्या आणि बघा कण होतात का. हा प्रयोग झालेला आहे, अनेकदा. साबण अजिबात न घालता स्टायरीन, पाणी आणि परसल्फेट तापवले तरी लॅटेक्स मिळतो, आणि चांगला एकसारखा मिळतो. पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा स्टायरीनवर साखळी सुरू होते. तिच्या टोकाला परसल्फेटकडून आलेला सल्फेटचा विद्युतभारित गट असतो. ती लांब होता होता पाण्याला नकोशी होते, गुंडाळते, अशा अनेक साखळ्या एकत्र येतात आणि सल्फेटची टोके बाहेर काढून कण होऊन बसतात. टोकेच साबणाचे काम करतात. म्हणजे कणाच्या जन्माला मिसेल आवश्यक नाही. पण थांबा, लगेच उलट टोकाला जाऊ नका. साबणाविना होणारे कण संख्येने फार कमी आणि आकाराने मोठे असतात, आणि साबण मिसेल-मर्यादेच्या पुढे गेला की स्टायरीनच्या कणांची संख्या एकदम चढते. तेव्हा स्टायरीनच्या बाबतीत भरपूर साबण असताना मिसेलाचा हात आहेच. दोन जन्मस्थाने आहेत, आणि कोणते चालू हे परिस्थितीवर ठरते.

परिस्थितीतली मुख्य गोष्ट कोणती? एकवारिक पाण्यात किती विरघळते. स्टायरीन लिटरमागे ग्रॅमचा तिसरा हिस्सा, व्हिनाइल ॲसिटेट वीस ग्रॅमच्या वर. व्हिनाइल ॲसिटेटवर प्रीस्ट यांनी १९५२ मध्येच दाखवले होते की कण पाण्यातच सुरू होतात. फिच आणि त्साय यांनी १९७१ मध्ये, आणि हान्सेन आणि ऊगेलस्टाड यांनी १९७८ मध्ये त्याचे गणित उभे केले. तिथे साबणाचा ०.६ घात चालत नाही. न्यायात याला उपाधी म्हणतात. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरे नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. ओले सरपण ही तिथली उपाधी. ‘साबण वाढवा, कण त्या घाताने वाढतील’ या नियमाचे ओले सरपण म्हणजे एकवारिकाचे पाण्याशी असलेले वाकडे. पुस्तके नियम देतात, सरपण सांगत नाहीत.

ऑस्ट्रेलियात नॅपर, गिल्बर्ट आणि फीनी यांनी १९८४ मध्ये आणखी एक मुद्दा काढला. कणांच्या मापांची वाटणी बघून ते म्हणाले की जन्माचा वेग सुरुवातीला वाढत जातो, म्हणून आधी अगदी बारीक पूर्वकण होत असावेत आणि ते एकमेकांना चिकटून खरा कण होत असावा. या अनुमानावर पुढे वाद झाला. आम्हांला त्यातली पद्धत आवडते. एका सरासरी आकड्यावर न थांबता त्यांनी सगळी वाटणी साक्षीला बोलावली. एका आकड्याला दोन सिद्धान्त जुळू शकतात, पूर्ण वाटणीला जुळणे अधिक कठीण.

आता हाच प्रश्न घेऊन उरलेल्या पद्धतींवरून झरझर जाऊ. मिनीइमल्शन, १९७३, ऊगेलस्टाड, एल-आसर आणि व्हॅंडरहॉफ. थेंब अल्ट्रासाऊंडने किंवा दाबाने इतके बारीक करायचे, ५० ते ५०० नॅनोमीटर, की तेच मूलकांना पकडतील. बारीक थेंबातले तेल मोठ्या थेंबाकडे पळून जाऊ नये म्हणून थोडे हेक्साडेकेन घालायचे, जे पाण्यात विरघळत नाही आणि थेंब सोडत नाही. इथे खरोखर थेंबाचाच कण होतो. म्हणजे ‘इमल्शन पॉलिमरायझेशन’ हे नाव ज्या पद्धतीला शोभले असते तिला ते एकटे मिळाले नाही, मागे ‘मिनी’ लागले. मायक्रोइमल्शनमध्ये साबण इतका घालतात की मिश्रण पारदर्शक होते. थेंब दहाएक नॅनोमीटरचे, पण कण निघतो २० ते ५० नॅनोमीटरचा, कारण थोड्याच थेंबांत जन्म होतो आणि बाकीचे त्यांना खाऊ घालतात. मिनी आणि मायक्रो ही नावे ऐकून कोणीही म्हणेल की एकाच पद्धतीची ही धाकटी आणि धाकटीहून धाकटी. जन्माचा प्रश्न विचारला की कळते, दोघींचे गोत्र वेगळे.

डिस्पर्शन पद्धतीत तर सुरुवातीला थेंबही नाही, मिसेलही नाही. स्टायरीन, आरंभक आणि पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, सगळे इथेनॉलमध्ये विरघळलेले, काचेसारखे स्वच्छ. पॉलिमर झाले की ते इथेनॉलला चालत नाही, ते बाहेर पडते आणि कण होतात, एक ते दहा मायक्रोमीटरचे आणि एकसारखे. तक्त्याने विचारले की हे सोल्यूशन की सस्पेन्शन, तर उत्तरच नाही. यात एक खोच आहे. जन्माच्या वेळी साखळ्या जोडणारा क्रॉसलिंकर घातला तर कणांचा एकसारखेपणा बिघडतो. टोरांटोच्या विनिक यांच्या गटाने २००४ मध्ये साधा उपाय दाखवला: जन्म होऊन जाऊ द्या, मग घाला. जन्माचा क्षण नाजूक आहे, वाढीचा काळ सोशिक आहे, हे ज्याला कळले त्यालाच असा उपाय सुचू शकतो.

एकसारखेपणाचा विषय निघाला म्हणून, एक तुलना आम्हांला फार उद्बोधक वाटते. मोठे, दहा मायक्रोमीटरचे, अगदी एकसारखे कण हवे होते, सूक्ष्मदर्शकाच्या मापासाठी आणि जीवविज्ञानासाठी. सरळ मार्ग असा की लहान एकसारखे कण बीज म्हणून घ्यायचे, त्यांना स्टायरीन पाजायचे, घट्ट करायचे, पुन्हा पाजायचे. नवे कण जन्मू द्यायचे नाहीत, नाहीतर एकसारखेपणा गेला. पण साधे बीज स्वतःच्या घनफळाच्या एक ते पाच पट स्टायरीन पिते. अर्ध्या मायक्रोमीटरपासून दहापर्यंत जायचे म्हणजे व्यास वीसपट, घनफळ आठ हजार पट. पाचपट प्याले तरी पाच फेऱ्या. आणि कण मोठे झाले की गुरुत्वाकर्षण आडवे येते. स्टायरीन पाण्याहून हलके, पॉलिस्टायरीन जड, त्यामुळे कण आधी वर येतात आणि मग खाली बसतात. जोराने ढवळले तर एकमेकांना चिकटतात. लेहाय विद्यापीठाच्या व्हॅंडरहॉफ यांच्या गटाने आणि नासाने उपाय काढला: गुरुत्वाकर्षणच टाळा. मार्च १९८२ मध्ये कोलंबिया शटलमधून लॅटेक्सची भट्टी अंतराळात गेली, पुढच्या उड्डाणांतही गेली, आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने अंतराळात बनलेले दहा मायक्रोमीटरचे गोळे प्रमाण म्हणून विक्रीला ठेवले.

इकडे नॉर्वेत, ट्राँढाइममध्ये, ऊगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकातच दुसरा प्रश्न विचारला होता. बीज एवढेच का पिते? कारण पाण्यात न विरघळणारे पॉलिमरचे रेणू प्रचंड मोठे, म्हणून संख्येने थोडे. त्यांची ओढ थोडी, आणि फुगताना पृष्ठताणही विरोध करतो. मग आधी बीजात पाण्यात न विरघळणारा पण लहान रेणूंचा पदार्थ भरू या. रेणू लहान, म्हणून संख्येने पुष्कळ, ओढ जबर. मग तेच बीज स्वतःच्या शंभर, हजार पट एकवारिक पिते. हजार पट घनफळ म्हणजे एका फेरीत व्यास दहापट. पाच फेऱ्यांचे काम एक-दोन फेऱ्यांत, जमिनीवर. याच कणांत पुढे लोहाचे ऑक्साइड बसवून चुंबकी मणी झाले, ते आज डायनाबीड्स या नावाने पेशी वेगळ्या करण्यासाठी जगभर वापरले जातात.

अंतराळातल्या प्रयोगाला आम्ही हसत नाही. तो यशस्वी होता, त्याने दिलेले गोळे उत्तम होते. पण तो मूळ पद्धत तशीच ठेवून तिचा अडथळा दूर करतो, आणि ऊगेलस्टाड अडथळा कशामुळे आहे ते विचारतात. जुन्या तक्त्यात दोघांचा रकाना कोणता? दोघांचाही ‘सीडेड इमल्शन’. फायदा: एकसारखेपणा. तोटा: वेळखाऊ. एकाला शटल लागले, दुसऱ्याला काचेचे भांडे पुरले, हा फरक रकान्यात मावत नाही.

शेवटी एक व्यवहाराचे उदाहरण, म्हणजे ‘चांगली पद्धत’ हा शब्द किती सापेक्ष आहे ते दिसेल. १९५६ मध्ये सिंगर आणि प्लॉट्झ यांनी संधिवातासाठी लॅटेक्सची चाचणी काढली, आपल्याकडे पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये ज्याला आरए टेस्ट म्हणतात ती. ०.८१ मायक्रोमीटरच्या पॉलिस्टायरीन कणांवर माणसाच्या रक्तातले गॅमा ग्लोब्युलिन चिकटवायचे. रोग्याच्या रक्तद्रवात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असेल तर कण एकमेकांना धरतात आणि काळ्या पट्टीवर दही फुटल्यासारखे दाणे दिसतात. इथे कणांच्या पाठीवर प्रथिनाला जागा हवी. उरलेला साबण त्या जागेवर हक्क सांगतो, आणि कमी-जास्त झाला तर कण आपोआप फुटू शकतात किंवा फुटायचे तिथे फुटत नाहीत. म्हणून इथे साबणाविना केलेला लॅटेक्स, किंवा केल्यावर नीट धुतलेला, हाच योग्य. तो पातळ असतो, घन भाग शेकडा दहाच्या आसपास, पण एका चाचणीला थेंबभरच लागतो. रंगाच्या कारखानदाराला हाच लॅटेक्स दिला तर तो हात जोडेल. त्याला निम्मा डबा घन हवा, पाणी वाळवत बसायला वेळ नाही, आणि साबण थोडा राहिला तर त्याचे अडत नाही, फार राहिला तर रंगाचा थर पाणी धरतो एवढीच त्याची तक्रार. कण थोडे लहानमोठे असले तर त्याला उलट बरे, लहान कण मोठ्यांच्या फटीत बसतात आणि घट्ट लॅटेक्सही वाहता राहतो. चाचणीवाल्याचा दोष तो रंगवाल्याचा गुण.

तेव्हा ज्या शिक्षकांना तक्ता हवाच आहे, त्यांनी फळ्यावर रकाने काढण्याआधी तीन प्रश्न लिहावेत: कण कुठे जन्मतो, जन्म कधी थांबतो, आणि जन्मल्यावर त्याला खायला कुठून येते. सस्पेन्शन: थेंबात, थेंब झाले तेव्हाच, स्वतःच्या पोटातून. इमल्शन, स्टायरीन आणि भरपूर साबण: बहुतेक मिसेलात, मिसेल संपल्यावर, थेंबांच्या कोठारातून पाण्यामार्गे. व्हिनाइल ॲसिटेट: पाण्यात, कणांचे पृष्ठफळ पुरेसे झाल्यावर, कोठारातून. डिस्पर्शन: द्रावणात, फार लवकर, द्रावणातूनच. बल्क आणि सोल्यूशन या तक्त्यात येतच नाहीत, कारण तिथे कणच नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.